एका डावावर पोरगं जोखू नका! फँटसी टीममध्ये नवा खेळाडू घेण्याआधी या गोष्टी बघा

मानपाडा (डोंबिवली) : आयपीएल असो की प्रो कबड्डी, सीझन सुरू झाला की कल्याण-शीळ रोडवरच्या चहाच्या टपरीपासून मुरबाड-शहापूरच्या एसटी स्टँडपर्यंत एकच चर्चा असते. "हा नवीन पोरगा कोण रे? घेऊ का टीममध्ये?" कुणीतरी मोबाईलवर त्याची दहा सेकंदांची क्लिप दाखवतो. दोन उत्तुंग सिक्स बघितले की लगेच तो टीममध्ये येतो, कधी कधी तर थेट कॅप्टनच होतो. संध्याकाळी तो पाच बॉलमध्ये तीन रन करून माघारी येतो आणि मग तोच पोरगा 'फुसका' ठरतो.

खरं सांगायचं तर दोन्ही वेळा आपलीच चूक असते. सकाळी एका क्लिपवरून आपण त्याला डोक्यावर घेतलं आणि संध्याकाळी एका डावावरून खाली आपटलं. नव्या खेळाडूला जोखायची एक पद्धत असते. निवड समितीचे लोक, आयपीएल संघांचे स्काऊट, अमेरिकेत कॉलेज फुटबॉलची पोरं बघणारे जाणकार, सगळे कमी-अधिक फरकाने तेच प्रश्न विचारतात. ते प्रश्न आपल्याच भागातल्या खेळाडूंची उदाहरणं घेऊन समजून घेऊ.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हा लेख पैसे लावण्यासाठी नाही. २०२५ पासून पैसे लावून खेळायच्या फँटसी खेळांबाबत कायदा पूर्ण बदलला आहे. तो भाग शेवटी दिला आहे, तो न वाचता जाऊ नका.

आधी फँटसीचा हिशेब समजून घ्या

फँटसी म्हणजे खऱ्या सामन्यातले खेळाडू निवडून आपण आपली कागदावरची टीम बनवायची. खेळाडू खऱ्या मैदानावर जे करतो, त्याचे पॉइंट आपल्याला मिळतात. क्रिकेटमध्ये अकरा खेळाडू निवडायचे. त्यातल्या कॅप्टनचे पॉइंट दुप्पट आणि व्हाईस कॅप्टनचे दीडपट होतात.

पॉइंटचं कोष्टक प्रत्येक अ‍ॅपचं वेगळं असतं आणि ते बदलतही राहतं. बरीच वर्षं चाललेलं साधं कोष्टक असं होतं : एका रनला १ पॉइंट, एका विकेटला २५, एका कॅचला ८. चौकार-षटकारांना वरचे बोनस वेगळे. या लेखात आपण हेच ढोबळ कोष्टक धरू.

इथेच पहिली गंमत आहे. चांगला खेळाडू आणि चांगला फँटसी खेळाडू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उदाहरण आपल्या कल्याणच्या तुषार देशपांडेचं घ्या. २०२३ च्या आयपीएलमध्ये त्याने चेन्नईकडून १६ सामन्यांत २१ विकेट काढल्या. पण त्याच्या प्रत्येक ओव्हरमागे सरासरी जवळपास १० रन गेले. टीव्हीवर बघणारे म्हणायचे, "मार खातोय." फँटसीच्या हिशेबात मात्र २१ विकेट गुणिले २५, म्हणजे ५२५ पॉइंट, सामन्यामागे साधारण ३३. महागड्या ओव्हरचे थोडे पॉइंट कापले गेले तरी हा सौदा तोट्याचा नव्हता.

असं का झालं? कारण तुषार शेवटच्या ओव्हर टाकत होता. त्या ओव्हरमध्ये फलंदाज आंधळेपणाने मारतो. म्हणून रनही जातात आणि कॅचही उडतात. कुठल्या ओव्हरमध्ये बॉल हातात येतो, हे कळल्याशिवाय गोलंदाजाचा आकडा वाचता येत नाही.

पहिला प्रश्न : रन कुणासमोर केले?

कल्याणकरांना हे वेगळं सांगायला नको. ४ आणि ५ जानेवारी २०१६ ला कल्याणमध्ये शालेय सामना झाला, भंडारी कपचा. के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने ३२७ बॉलमध्ये नाबाद १००९ रन केले. त्यात १२९ चौकार आणि ५९ षटकार होते. त्याआधीचा विक्रम इंग्लंडच्या ए. ई. जे. कॉलिन्स या शाळकरी मुलाचा होता, नाबाद ६२८, तोही १८९९ सालचा. रिक्षाचालकाच्या १५ वर्षांच्या मुलाने तो मोडला आणि जगभरचे कॅमेरे कल्याणला आले.

आता त्याच सामन्याचा दुसरा आकडा बघा. समोरची टीम पहिल्या डावात ३१ रनमध्ये आणि दुसऱ्या डावात ५२ मध्ये आऊट झाली. सामना एक डाव आणि १३८२ रनने संपला. याचा अर्थ काय? प्रणवची मेहनत खोटी होती असा अजिबात नाही. दोन दिवस उभं राहून ३२७ बॉल खेळणं ही खायची गोष्ट नाही. पण समोरची टीम इतकी दुबळी होती की १००९ हा आकडा तो पुढे मोठ्या संघांसमोर काय करेल हे सांगू शकत नव्हता. आकडा खरा होता. आपण त्यातून काढलेला अर्थ चुकीचा होता. आणि त्या अर्थाचं ओझं एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर आलं.

म्हणून रन बघितले की लगेच विचारा, समोर कोण होतं? गोलंदाज कुठल्या दर्जाचे? मैदान केवढं? विकेट मॅटिंगची, सिमेंटची की टर्फची?

विरारच्या आयुष म्हात्रेचं उदाहरण याच्या उलट आहे. ३१ डिसेंबर २०२४ ला त्याने विजय हजारे स्पर्धेत नागालँडविरुद्ध ११७ बॉलमध्ये १८१ रन केले. कुणी म्हणेल, "नागालँडसमोर काय, कुणीही करेल." बरोबर आहे, शंका घ्यायलाच हवी. पण दोन महिने आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, याच पोराने रणजी सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध १७६ केले होते. तिथे समोर मोठे, मुरलेले गोलंदाज होते. दुबळ्या टीमसमोर मोठा आकडा आणि तगड्या टीमसमोरही मोठा आकडा, असं दोन्ही दिसलं तर समजायचं की पोरात दम आहे.

दुसरा प्रश्न : वय किती आणि खेळतो कोणाच्यात?

१७ वर्षांचा मुलगा पुरुषांच्या सामन्यात ४० रन करतो आणि २३ वर्षांचा मुलगा कॉलेजच्या सामन्यात ९० करतो. कुणाला जास्त मार्क द्याल?

जाणकार बहुतेक वेळा १७ च्या पोराला देतात. कारण सोपं आहे. लहान वयात मोठ्यांसमोर टिकणारा पोरगा अजून वाढणार आहे, अंगाने आणि अकलेने. २३ वर्षांचा कॉलेजमध्ये त्याच्यापेक्षा लहान पोरांना धुतोय. अमेरिकेत फुटबॉलचा बॉल पकडणारे खेळाडू कॉलेजमधून निवडताना पहिल्यांदा हेच बघतात की कितव्या वर्षी हा आपल्या टीममधला मुख्य खेळाडू झाला. पहिल्या-दुसऱ्या वर्षात झाला तर वजन जास्त, शेवटच्या वर्षात झाला तर कमी. आपल्याकडे 'पोरगं वयाच्या मानाने पुढे आहे' म्हणतात, ते हेच.

पण वय ही गॅरंटी नाही, हेही लक्षात ठेवा. विरारहून लोकलने मुंबईत खेळायला जाणाऱ्या पृथ्वी शॉने २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्ये ५४६ रन केले. २०१८ मध्ये पहिल्याच कसोटीत, वयाच्या १८ व्या वर्षी, राजकोटला १३४ ठोकले. आणि नोव्हेंबर २०२४ च्या आयपीएल लिलावात त्याच्यावर कुणीही बोली लावली नाही. लहान वयातलं यश चांगली खूण आहे, पण पुढचं सगळं त्यावर लिहिलेलं नसतं.

तिसरा प्रश्न : बॉल किती मिळणार?

हा प्रश्न आपण सगळ्यात कमी विचारतो आणि फँटसीत हाच सगळ्यात मोठा आहे.

टी-२० च्या एका डावात १२० बॉल असतात. ते अकरा जणांत सारखे वाटले जात नाहीत. ओपनरला सुरुवातीपासून संधी असते. सहा-सात नंबरच्या फलंदाजाला कधी दहा, कधी चार बॉल मिळतात, कधी पॅड बांधून बसावं लागतं. रनचा हिशेब साधा आहे : किती बॉल मिळाले, गुणिले प्रत्येक बॉलमागे किती रन.

आयुष म्हात्रेने २०२५ च्या आयपीएलमध्ये ७ डावांत १२७ बॉल खेळले, म्हणजे डावामागे साधारण १८. प्रत्येक १०० बॉलमागे त्याचे जवळपास १८९ रन होते. १८ बॉल गुणिले १.८९, म्हणजे सरासरी ३४ रन. आता हाच पोरगा, हाच वेग, पण सहा नंबरला खेळवला आणि त्याला आठच बॉल मिळाले असं समजा. हिशेब १५ रनवर येतो. पोरगा तोच, पण अर्धे पॉइंट नंबरनेच खाल्ले.

म्हणून नवीन खेळाडूचं नाव ऐकलं की आधी हे शोधा की तो कितव्या नंबरला येतो. गोलंदाज असेल तर चार ओव्हर पूर्ण टाकतो का, आणि त्या कुठल्या टप्प्यात टाकतो.

चौथा प्रश्न : कुठल्या टीममध्ये गेला आणि काय काम दिलं?

डोंबिवलीकरांचा लाडका अजिंक्य रहाणे यासाठी सगळ्यात चांगलं उदाहरण आहे. मूळचा संगमनेर तालुक्यातला आश्वी खुर्दचा, पण लहानाचा मोठा डोंबिवलीत झाला आणि इथल्याच मॅटिंगवर खेळायला शिकला.

२०२२ च्या आयपीएलमध्ये कोलकात्याकडून त्याने ७ डावांत १२८ बॉल खेळून १३३ रन केले. लोक म्हणाले, "आता याचं टी-२० संपलं." पुढच्या लिलावात चेन्नईने त्याला ५० लाखांच्या मूळ किमतीत घेतलं. ८ एप्रिल २०२३ ला वानखेडेवर पहिला सामना मिळाला आणि त्याने २७ बॉलमध्ये ६१ रन केले. त्या सीझनमध्ये ११ डावांत १८९ बॉलमध्ये ३२६ रन झाले.

आता नीट बघा. २०२२ मध्ये डावामागे साधारण १८ बॉल, २०२३ मध्ये साधारण १७. म्हणजे बॉल जवळपास तेवढेच. बदलला तो वेग. आधी १०० बॉलमागे १०४ रन होते, नंतर १७२. माणूस ३५ च्या जवळ पोचलेला, हातही तेच. टीम आणि काम बदललं, तर आकडे बदलले. म्हणून जुन्या टीममधला आकडा नव्या टीमला जसाच्या तसा चिकटवू नका.

म्हात्रेचंही तसंच. ऋतुराज गायकवाडला कोपराची दुखापत झाली आणि चेन्नईने एप्रिल २०२५ मध्ये त्याच्या जागी म्हात्रेला ३० लाखांत घेतलं. गंमत म्हणजे वर सांगितलेल्या त्या रणजी सामन्यात महाराष्ट्राचा कर्णधार ऋतुराजच होता. तोवर म्हात्रे रणजी आणि एकदिवसीय स्पर्धांमध्ये खेळला होता, मोठ्यांच्या टी-२० चा अनुभव नव्हता. पण टीमला वरच्या फळीत जागा भरायची होती आणि पोरगा वरच्याच फळीतला होता. रिकामी जागा आणि तिथे बसणारा माणूस एकत्र आले की संधी टिकते. चांगला ओपनर अशा टीममध्ये गेला जिथे आधीच तीन ओपनर आहेत, तर तो पाणी घेऊन मैदानात येताना दिसेल. दोष त्याचा नसतो.

पाचवा प्रश्न : एक डाव बघितला की सात?

म्हात्रेचे २०२५ चे आयपीएलमधले सातही डाव ओळीने बघा :

- मुंबईविरुद्ध, वानखेडे : १५ बॉल, ३२ रन
- हैदराबादविरुद्ध, चेन्नई : १९ बॉल, ३० रन
- पंजाबविरुद्ध, चेन्नई : ६ बॉल, ७ रन
- बंगळुरूविरुद्ध, बंगळुरू : ४८ बॉल, ९४ रन
- कोलकात्याविरुद्ध, कोलकाता : २ बॉल, ० रन
- राजस्थानविरुद्ध, दिल्ली : २० बॉल, ४३ रन
- गुजरातविरुद्ध, अहमदाबाद : १७ बॉल, ३४ रन

एकूण २४० रन. सरासरी काढली तर डावामागे ३४. पण ९४ चा एक डाव बाजूला काढा, उरलेल्या सहा डावांची सरासरी २४ च्या आसपास येते. ९४ बघून पुढच्या सामन्यात ज्याने त्याला कॅप्टन केलं, त्याच्या वाट्याला शून्य आलं. शून्य बघून ज्याने काढून टाकलं, त्याचे पुढचे ४३ हुकले.

सातही डाव एकत्र बघणाऱ्याला मात्र चित्र स्पष्ट दिसतं. पोरगा सात पैकी पाच वेळा ३० किंवा त्यापुढे गेला. सुरुवातीपासून मारतो. मधेच एखादा फुकट डाव येणारच. असा खेळाडू टीममध्ये घ्यायला चांगला, कॅप्टन करायला धोक्याचा. कॅप्टन म्हणून असा निवडा जो रोज थोडं तरी देतो. एक तर चार ओव्हर टाकणारा आणि बॅटिंगही करणारा, नाहीतर वरच्या तीन नंबरचा भरवशाचा फलंदाज.

त्याच्याबद्दल आपल्यापेक्षा जाणकारांनी काय ठरवलं, तेही दिसलं. त्या आयपीएलनंतर लगेच तो भारताच्या १९ वर्षांखालील संघाचा कर्णधार म्हणून इंग्लंडला गेला. निवड समितीने एक ९४ बघितला नाही आणि एक शून्यही बघितला नाही.

सहावी गोष्ट : आज खेळतोय का?

हसू येईल, पण सगळ्यात जास्त पॉइंट इथेच बुडतात. आयपीएलमध्ये सामन्याच्या अर्धा तास आधी टॉस होतो आणि तेव्हाच अंतिम अकरा नावं कळतात. टॉसच्या आधी टीम बनवून शेतावर किंवा ड्यूटीवर निघून गेलात, तर न खेळणारा खेळाडू टीममध्ये राहतो.

२०२३ पासून 'इम्पॅक्ट प्लेयर'ही आला आहे. सामना सुरू असताना एक खेळाडू बदलता येतो. हा नियम आयपीएलमध्ये सगळ्यात पहिल्यांदा वापरला गेला तो आपल्या तुषार देशपांडेसाठी, ३१ मार्च २०२३ ला, अंबाती रायुडूच्या जागी. त्यामुळे आता पहिल्या अकरात नाव नाही म्हणजे खेळणारच नाही असं नसतं. आणि नाव आहे म्हणजे तो बॅटिंग आणि फील्डिंग दोन्ही करेल असंही नसतं. टॉसनंतर जाहीर होणारी पाच राखीव नावंही वाचा.

कबड्डीच्या पोरालाही हेच माप

गावाकडे कबड्डीचा जोर जास्त, म्हणून तेही थोडं बघू. चढाईपटू जोखताना पॉइंट किती आणले एवढंच बघू नका. चढाया किती केल्या ते आधी बघा. २० चढायांत ८ पॉइंट आणणारा आणि १० चढायांत ७ आणणारा यांत दुसरा जास्त पक्का. पण फँटसीत पहिल्यालाही किंमत आहे, कारण टीम त्याच्यावरच विसंबून आहे आणि उद्याही त्यालाच पाठवणार.

दुसरं, 'डू ऑर डाय' चढाईला कोण जातो? सलग दोन रिकाम्या चढाया झाल्या की तिसरीला पॉइंट आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. तिथे ज्याला पाठवतात त्याच्यावर कोचचा भरवसा असतो. तिसरं, बोनस. समोर सहा किंवा सात जण मैदानात असतील तरच बोनस मिळतो. एखाद्याचे निम्मे पॉइंट बोनसचे असतील तर समोरची टीम कमी माणसांवर आल्यावर त्याचा ओघ आटतो. म्हणून हाताने-पायाने गडी मारणारा वेगळा मोजा.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईने २०१८ मध्ये, प्रो कबड्डीतल्या पहिल्याच सीझनमध्ये, यू मुंबाकडून चढाईचे २१८ पॉइंट आणले. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतलं. तो टीमचा मुख्य चढाईपटू होता आणि पुढच्या सीझनमध्येही त्याने दोनशेचा टप्पा ओलांडला. नंतर दुखापतीने त्याला बाहेर बसवलं. खांदा, गुडघा, घोटा, कबड्डीत हे सांभाळलं तरच बाकी सगळं. म्हणून नव्या चढाईपटूच्या दुखापतीची बातमी त्याच्या पॉइंटइतकीच लक्षपूर्वक वाचा.

टेनिस क्रिकेटचा हिरो लेदरवर चालेल का?

मानपाडा, भोपर, संदप या पट्ट्यात आणि पुढे पनवेल-अलिबागपर्यंत टेनिस क्रिकेटचं वेड सगळ्यांना माहीत आहे. २०२४ मध्ये इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग ही टेनिस बॉलची मोठी स्पर्धा ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर झाली, तेव्हापासून 'आपला पोरगाही जाईल' ही आशा वाढली आहे. आशा ठेवावी. पण जोखताना फरक लक्षात ठेवा. टेनिस बॉल हलका असतो, जोरात लागला तरी भीती कमी, आणि बहुतेक सामने कमी ओव्हरचे. लेदरचा बॉल स्विंग होतो, अंगावर येतो, दोन तास डोकं शांत ठेवायला लावतो. टेनिसमध्ये हाताचा वेग आणि नजर कळते. बचाव आणि धीर कळत नाही. त्यासाठी पोराला लेदरवर, नीट पॅड-हेल्मेट घालून, निदान काही महिने खेळू द्या. मगच मत बनवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं : पैसे लावू नका

मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ड्रीम इलेव्हनचा खेळ कौशल्याचा मानला होता. त्यामुळे अनेक वर्षं लोक म्हणायचे, "हा जुगार नाही, डोक्याचा खेळ आहे." आता तो वाद मागे पडला. ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ चालवणं त्यात निषिद्ध ठरवलं आहे. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. ड्रीम इलेव्हनसह मोठ्या कंपन्यांनी त्याच महिन्यात पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. पैसे न लावता, फुकट खेळायला बंदी नाही.

मग धोका कुठे आहे? मोठी अ‍ॅप बंद झाली की त्यांच्या नावाची नक्कल करणारी अ‍ॅप येतात. व्हॉट्सअ‍ॅप-टेलिग्रामवर लिंक येते, 'प्ले स्टोअरवर नाही, इथून डाऊनलोड करा.' पैसे कुणाच्या तरी खासगी यूपीआयवर टाकायला सांगतात. पहिले दोन-तीनशे रुपये परत मिळतात, भरवसा बसतो. मग मोठी रक्कम टाकली की 'पैसे काढायला आधी टॅक्स भरा' म्हणतात. तिथून पैसे परत येत नाहीत.

चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा :

- बाहेरच्या लिंकवरून कुठलंही गेमिंग अ‍ॅप मोबाईलमध्ये टाकू नका.
- 'तुमचं बँक खातं काही दिवस वापरायला द्या, महिन्याला कमिशन देतो' असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरले तर पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात.
- 'आजची पक्की टीम' विकणाऱ्याला विचारा, एवढं पक्कं आहे तर तो स्वतः का नाही जिंकत?
- फसवणूक झालीच तर लाजू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

आणि हिशेबही एकदा करून बघा. समजा शंभर जणांनी ५०-५० रुपये लावले. जमले ५,००० रुपये. चालवणाऱ्याने हजार रुपये आधीच काढून घेतले. आता उरले ४,०००. शंभर जण मिळून ५,००० घालतात आणि ४,००० परत घेतात. तुम्ही खेळाडू कितीही छान ओळखा, समोरचे ९९ जणही तीच मॅच बघतायत. एखादा जिंकतो, त्याचा स्क्रीनशॉट फिरतो. बाकीच्यांचे स्क्रीनशॉट कुणी पाठवत नाही.

मग हे शिकून फायदा काय?

फायदा आहे. मित्रांत, घरात, फुकटची टीम बनवा. वहीत लिहून ठेवा की हा खेळाडू का घेतला. सामना संपल्यावर तपासा की आपलं कारण बरोबर होतं का. पॉइंट मिळाले पण कारण चुकलं, तर ते नशीब. पॉइंट हुकले पण कारण बरोबर होतं, तर पुढच्या वेळी तेच धरून चला. दहा सामने असं केलंत तर टीव्हीवरची कॉमेंट्री तुम्हाला वेगळी ऐकू येईल.

दुसरा फायदा याहून मोठा आहे. हेच प्रश्न आपल्या गावच्या पोरांना लावा. तुमच्या पुतण्याने शाळेच्या सामन्यात शंभर केले तर त्याचं कौतुक करा, पेढे वाटा. पण लगेच 'दुसरा सचिन' म्हणून बॅनर लावू नका. विचारा की समोर कोण होतं, पुढचे सामने कधी आहेत, लेदरवर सराव चालू आहे का, अभ्यासाचं काय. आणि ट्रायलमध्ये तो शून्यावर आऊट झाला तर त्या एका डावावरून त्याला घरी बसवू नका.

तुषार देशपांडेचा किस्सा सांगतात की लहानपणी तो मुंबईत निवड चाचणीला फलंदाज म्हणून गेला, पण फलंदाजांची रांग भली मोठी होती, म्हणून गोलंदाजांच्या छोट्या रांगेत उभा राहिला. पुढे तो भारताकडून खेळला. आणि २०२४ च्या रणजी उपांत्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध अकराव्या नंबरला येऊन त्याने १२३ रन केले, तनुष कोटियनबरोबर शेवटच्या विकेटसाठी २३२ ची भागीदारी केली. कल्याणच्या त्या पोराला एका दिवसावरून कुणी फक्त फलंदाज किंवा फक्त गोलंदाज ठरवलं असतं, तर दोन्ही वेळा चुकलं असतं.